सव्वा मीटर तारेचे अर्थशास्त्र

संगीत ऐकण्याच्या साधनांच्या जागतिक बाजारपेठेत गेल्या वीसएक वर्षांत एक चमत्कारिक व्यापार उभा राहिला आहे. कानाच्या पोकळीत घट्ट बसणारा, ‘इन-इअर मॉनिटर’ या नावाने ओळखला जाणारा उंची इअरफोन दोन ते चार हजार डॉलर मोजून विकत घ्यायचा, त्याच्यासोबत आलेली तार काढून बाजूला ठेवायची आणि तिच्या जागी सुमारे सव्वा मीटर लांबीची दुसरी, ‘वरच्या दर्जाची’ तार जोडायची, असा हा प्रकार आहे. या दुसऱ्या तारेची किंमत शंभर-दीडशे डॉलरपासून सुरू होते आणि दोन हजार डॉलरच्याही पुढे जाते. रुपयांत सांगायचे तर दीड लाखाहून अधिक रक्कम एका तारेसाठी मोजली जाते.

धान्याचे भाव, कंत्राटी कामगार, पाण्याचे वाटप असे जिव्हाळ्याचे प्रश्न समोर असताना या तारेची उठाठेव कशासाठी, असे कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की जिची उपयुक्तता काटेकोरपणे मोजता येते आणि जिची किंमत त्या मोजमापाला मुळीच जुमानत नाही, अशी वस्तू अर्थव्यवहाराच्या अभ्यासकाला इतक्या निखळ स्वरूपात क्वचितच सापडते. शिवाय हा व्यापार आता केवळ धनिकांपुरता राहिलेला नाही. मुंबई-पुण्याच्या नोकरदार तरुणांपर्यंत तो पोचला आहे आणि मासिक हप्त्यांच्या सोयीमुळे खिशात नसलेला पैसाही त्यात ओढला जातो.

या साधनाचा जन्म चैनीतून झालेला नाही. कमी ऐकू येणाऱ्या माणसांच्या श्रवणयंत्रासाठी जी इवलीशी ध्वनियंत्रणा घडवली गेली, ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ हे तिचे तांत्रिक नाव, तीच पुढे संगीतासाठी वापरात आली. अमेरिकेतील एटिमॉटिक रिसर्च या कंपनीने १९९१ साली ‘ईआर-४’ नावाचा इअरफोन याच तंत्रावर बाजारात आणला. दुसरीकडे रंगमंचावरील वादकांची अडचण वेगळी होती. प्रचंड आवाजाच्या मैफलीत स्वतःचे वाद्य ऐकू यावे म्हणून पायाशी मोठे ध्वनिक्षेपक ठेवावे लागत आणि त्या गोंगाटात कानांची हानी होई. व्हॅन हेलन या वाद्यवृंदाचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वे यांनी ढोलवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानात बसणारे मॉनिटर तयार केले आणि त्यातूनच १९९५ साली ‘अल्टिमेट इअर्स’ हा उद्योग उभा राहिला. म्हणजे हे मूलतः काम करणाऱ्या माणसाचे अवजार होते.

अवजाराचा जो भाग सर्वांत आधी झिजतो तो बदलता आला पाहिजे, हे कोणताही कारागीर जाणतो. घाम, ओढाताण आणि सततची गुंडाळागुंडाळ यांमुळे मॉनिटरची तारच प्रथम तुटते. तिच्यापायी महागडे साधन टाकून द्यावे लागू नये यासाठी तार व कर्णभाग यांच्यामध्ये सुटा सांधा ठेवण्यात आला. कुठे दोन सुयांचा, कुठे वाटोळ्या खटक्याचा. तार तुटली तर तेवढी नवी घालावी आणि काम पुढे चालू ठेवावे, एवढाच त्यामागचा साधा, शहाणपणाचा हेतू होता.

मॉनिटर जेव्हा रंगमंचावरून हौशी श्रोत्याच्या घरी आला तेव्हा या सांध्याचा अर्थ पालटला. न तुटलेली तारही बदलता येते, हे व्यापाऱ्याच्या ध्यानात आले. दुरुस्तीची सोय हे विक्रीचे दार बनले. सिंगापूर, हाँगकाँग, जपान येथे केवळ अशा तारा विणणारे उद्योग निघाले. तांबे, चांदीचा मुलामा दिलेले तांबे, शुद्ध चांदी, सोन्याचा अंश मिसळलेली चांदी, पॅलॅडियमचा मुलामा अशी चढती भाजणी तयार झाली. काही मॉनिटर-उत्पादक आपल्या पेटीतच या उद्योगांची तार घालून देऊ लागले आणि त्याच उद्योगाची याहून वरची तार वेगळी घेण्याची वाट मोकळी झाली.

ही युक्ती तशी जुनी आहे. घरगुती ध्वनिक्षेपकांना दिव्याची साधी वायर जोडण्याचा प्रघात होता, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नोएल ली यांच्या ‘मॉन्स्टर केबल’ने जाडजूड तार हा स्वतंत्र, नाममुद्रांकित माल म्हणून विकायला सुरुवात केली. ध्वनिक्षेपकावर दुकानदाराला जो नफा सुटे त्यापेक्षा तारेवर प्रमाणाने कितीतरी अधिक सुटे. मुख्य वस्तूवरील स्पर्धेत गमावलेला नफा पूरक वस्तूवर वसूल करण्याची ही रीत पुढे कितीतरी धंद्यांनी उचलली.

मॉनिटर आणि तार यांची ‘जोडी जमवणे’ हे आता एक शास्त्रच मानले जाते. तांब्याच्या तारेने खर्ज उबदार होतो, चांदीने तारसप्तक उजळते, पॅलॅडियमने नादाला अवकाश लाभतो. अमक्या मॉनिटरच्या थंड स्वभावाला तमकी तार मानवते आणि तापट मॉनिटरला ती सोसत नाही. विवाह जुळवणारे भटजी छत्तीस गुण मांडतात. येथे गुणांची यादी त्याहून लांब असते, परंतु पत्रिका कोणत्या गणितावर मांडली हे विचारण्याची सोय नसते.

ते गणित वास्तविक शाळकरी पदार्थविज्ञानाचे आहे. तारेचे काम विद्युत्प्रवाह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेणे एवढेच असते. सामान्यपणे वापरात असलेली, सुमारे ०.४ मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार घेतली, तर १.२ मीटर लांबीच्या जाण्यायेण्याच्या वाटेचा एकूण रोध सुमारे ०.३२ ओहम भरतो. चांदीची वाहकता तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनीच अधिक आहे. तेव्हा त्याच मापाच्या चांदीच्या तारेचा रोध ०.३० ओहमच्या आसपास येतो. फरक ०.०२ ओहमचा. पुढे जोडलेल्या मॉनिटरचा रोध १६ ओहम धरला, तर या फरकाने आवाजाच्या पातळीत पडणारे अंतर एक डेसिबलच्या शंभराव्या भागाएवढे आहे. मानवी कानाला सर्वसाधारणपणे अर्धा ते एक डेसिबलचा फरक ओळखू येतो. उच्च स्वरांचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, म्हणून पृष्ठभागावर चांदी हवी, असाही एक युक्तिवाद करण्यात येतो. परंतु २० हजार आवर्तनांच्या, म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या शेवटच्या सीमेवरील स्वरासाठीसुद्धा तांब्यातील ही खोली सुमारे ०.४७ मिलिमीटर असते. तारेची त्रिज्या तिच्या निम्म्याहूनही कमी आहे. अर्थात प्रवाह सबंध तारेतूनच वाहतो.

येथे न्यायाने एक अपवाद नोंदवला पाहिजे, कारण तो दडवून केलेली टीका प्रचारकी ठरेल. एकाच कर्णभागात अनेक ध्वनियंत्रणा बसवलेल्या काही मॉनिटरांचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. एका स्वरपट्टीत तो ४ ओहम असेल, तर दुसरीत २०. अशा मॉनिटरला १ ओहम रोधाची बारीक तार जोडली, तर कमी रोधाच्या पट्टीतील आवाज दुसरीच्या तुलनेत सुमारे दीड डेसिबलने उतरतो आणि हा फरक लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला जाणवू शकतो. म्हणजे तारेने कधीच काही बदलत नाही, हे विधान चुकीचे आहे. परंतु जे बदलते ते रोधाच्या आकड्याने बदलते. धातूच्या कुळाने किंवा किमतीने बदलत नाही. तोच परिणाम काही रुपयांच्या रोधकाने साधता येतो आणि तो टाळायचा असेल तर पुरेशा जाडीची साधी तांब्याची तार पुरते. मऊ, न गुंतणारी, कपड्याला घासल्यावर कानात खरखर न करणारी तार सुखकर असते, हेही खरे. ते सुख दहा-वीस डॉलरच्या तारेतही मिळते.

मग हजारो श्रोते फरक ऐकू आल्याचे सांगतात ते काय खोटे बोलतात? तसे मुळीच नाही. त्यांना फरक ऐकू येतो. त्याचे कारण मात्र दुसरे असते. तार बदलण्यासाठी मॉनिटर कानातून काढावा लागतो आणि पुन्हा घालावा लागतो. तो किती खोल बसला, रबरी टोपीने कानाची पोकळी कितपत बंद झाली, यावर विशेषतः खर्जाच्या आवाजात कित्येक डेसिबलचा फरक पडतो. तारेच्या शतांश डेसिबलपुढे हा फरक डोंगराएवढा आहे. दुसरे असे की नव्या तारेसोबत पुष्कळदा ३.५ मिलिमीटरच्या जुन्या जोडणीऐवजी ४.४ मिलिमीटरची ‘बॅलन्स्ड’ जोडणी येते. अनेक उपकरणांत या दुसऱ्या जोडणीमागे अधिक शक्तीचे मंडल असते आणि आवाज मोठा होतो. किंचित मोठा आवाज मनुष्याला नेहमीच अधिक चांगला वाटतो. श्रेय उपकरणाचे असते, पावती तारेच्या नावाने फाटते. तिसरे कारण मानवी आहे. दोन महिन्यांचा पगार खर्चून आणलेल्या वस्तूने काहीच केले नाही, असे स्वतःच्या कानांकडून ऐकण्याची कुणाचीच इच्छा नसते.

या संभ्रमातून बाहेर पडण्याचा मार्ग विज्ञानाला ठाऊक आहे. कोणती तार जोडली आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता आणि आवाजाची पातळी समान ठेवून परीक्षा घ्यावी. ध्वनिक्षेपकांच्या तारांबाबत असा प्रसंग २००७ साली आला होता. सात हजार डॉलरहून अधिक किमतीची तार सामान्य तारेपासून केवळ ऐकून ओळखून दाखवणाऱ्यास अमेरिकेतील चिकित्सक जेम्स रँडी यांनी दहा लाख डॉलरचे पारितोषिक देऊ केले. आव्हान स्वीकारणारा समीक्षक पुढे आला, परंतु तार बनवणाऱ्या कंपनीनेच अंग काढून घेतले आणि ती परीक्षा झालीच नाही. तारेपुरतेच हे आहे असेही नाही. जेरोन ब्रीबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजणी करून २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेडफोनचा स्वरप्रतिसाद आणि त्याची किंमत यांत कोणताही परस्परसंबंध आढळला नाही. मुख्य साधनाची ही कथा, तर तारेची काय सांगावी?

येथपर्यंत प्रश्न पदार्थविज्ञानाचा होता. यापुढे तो अर्थशास्त्राचा आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली ‘थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात दाखवून दिले, की काही वस्तूंची मागणी त्या महाग असतात म्हणूनच वाढते. परंतु एवढ्याने या तारेचा उलगडा पुरता होत नाही. व्हेब्लेन यांना अभिप्रेत असलेली उधळपट्टी चारचौघांच्या डोळ्यांत भरण्यासाठी होती. ही तार बहुधा एकांतात, डोळे मिटून ऐकण्यासाठी घेतली जाते. तिचे स्पष्टीकरण मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ साली मांडलेल्या विचारात अधिक चांगले सापडते. काही वस्तू अशा असतात, की त्यांची गुणवत्ता घेण्यापूर्वी तर कळत नाहीच, परंतु वापरल्यानंतरही खरेदीदाराला ती स्वतःहून पडताळता येत नाही. तेथे विश्वासावरच सौदा होतो. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘मुक्त स्पर्धा आणि फसवणुकीचे इष्टतम प्रमाण’ असे शब्द आहेत, हे लक्षणीय आहे. पडताळणी अशक्य झाली, की किंमत हाच गुणवत्तेचा पुरावा होऊन बसतो. मग स्वस्त विकणारा स्पर्धेत जिंकण्याऐवजी संशयित ठरतो.

याच्याही मागे एक खोल कारण आहे. गेल्या दशकात चीनमधील कारखान्यांनी वीस-पंचवीस डॉलरला असे इन-इअर फोन बाजारात आणले, की मोजमापाच्या कसोटीवर त्यांतील कित्येक शंभरपट महाग मॉनिटरांच्या शेजारी बसवता येतात. चांगला ध्वनी ही दुर्मिळ गोष्ट राहिलेली नाही. तंत्रज्ञानाने ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आणून ठेवली आहे. समाजाच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता आहे. नफ्यावर चालणाऱ्या व्यवस्थेला मात्र विपुलता अडचणीची वाटते. जेथे दुर्मिळता संपली तेथे ती नव्याने निर्माण करावी लागते. मोजता येणाऱ्या गुणांच्या क्षेत्रात हे शक्य उरले नाही, म्हणून ती न मोजता येणाऱ्या विशेषणांच्या क्षेत्रात निर्माण केली जाते. नादाची ‘खोली’, ‘हवा’, ‘पोत’ या शब्दांना एकक नसते आणि म्हणूनच त्यांच्या किमतीला मर्यादाही नसते.

या व्यवहाराचे दुसरे टोक भूगर्भात आहे. पॅलॅडियम हा धातू दक्षिण आफ्रिकेत प्लॅटिनमच्याच खनिजातून निघतो. तेथील मारिकाना या खाणीतील कामगारांनी दरमहा १२,५०० रँड वेतनासाठी संप केला. १६ ऑगस्ट २०१२ रोजी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात ३४ खाणकामगार ठार झाले. त्या वेळच्या विनिमय दराने ती वेतनाची मागणी सुमारे दीड हजार डॉलरची होती. एखाद्या तारेवरील मुलामा नेमक्या त्याच खाणीतून आला, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ज्या जगात भूमिगत खडक फोडणाऱ्या माणसाची महिनाभराची मजुरी दीड हजार डॉलर असावी ही मागणी गोळीबारापर्यंत जाते, त्याच जगात तेवढ्याच रकमेला सव्वा मीटर तार विकली जाते आणि तिच्यातील धातूचे मूल्य त्या किमतीचा किरकोळ हिस्सा असते. उरलेली रक्कम खाणकामगाराकडेही जात नाही आणि तार विणणाऱ्या हातांकडेही जात नाही.

तरीही या तारांचे खरेदीदार हा चळवळीच्या चेष्टेचा विषय होऊ नये. चंगळवादाचा निषेध करताना सामान्य माणसाच्या सौंदर्याच्या भुकेचाच उपहास करण्याची चूक पुष्कळदा घडते. दिवसभर कचेरीत राबून, लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करून जो तरुण रात्री तासभर एखादा ख्याल किंवा जुने गाणे कान देऊन ऐकतो, त्याची गरज खरी आहे. ते गाणे अधिक स्पष्ट ऐकू यावे ही इच्छाही निर्मळ आहे. दोष आहे तो त्या इच्छेला कायमचे अपुरे ठेवणाऱ्या यंत्रणेत. मॉनिटर घेतला की तारेची उणीव दाखवली जाते. तार घेतली की त्याहून वरची तार दिसते. ऐकणाऱ्याचे लक्ष गाण्यावरून उडून साधनातील न्यूनावर खिळते. ज्यासाठी हा सारा खटाटोप केला ते संगीत मागे पडते, हे या व्यापाराने केलेले सर्वांत मोठे नुकसान होय.

यावर उपाय उपदेशाचा नाही, व्यवस्थेचा आहे. पहिली गोष्ट, प्रत्येक तारेच्या वेष्टनावर तिचा रोध ओहममध्ये छापणे सक्तीचे असावे. धान्याच्या पिशवीवर वजन लागते, औषधावर घटक लागतात. मग हजारो रुपयांच्या तारेवर तिचा एकमेव महत्त्वाचा आकडा का नसावा? दुसरी गोष्ट, नादविषयक दाव्यांना पुराव्याची अट लागू करावी. भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि त्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२२ मध्ये जारी झाली आहेत. वस्तू विनामूल्य किंवा मोबदला घेऊन वाखाणणाऱ्यांनी तो संबंध उघड करावा, असेही ती व्यवस्था सांगते. ही तत्त्वे कागदावर राहू नयेत यासाठी तक्रारी कराव्या लागतील. तिसरी गोष्ट सांध्याची. आज उत्पादकागणिक वेगवेगळे सांधे आहेत आणि एकाची तार दुसऱ्याला बसेलच असे नाही. युरोपीय संघाने २०२२ साली कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून दूरध्वनी, हेडफोन इत्यादींच्या विद्युत्भरणासाठी एकच जोडणी सक्तीची केली. जे भरणाच्या जोडणीबाबत शक्य झाले ते तारेच्या सांध्याबाबत अशक्य असण्याचे कारण नाही. भारत सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला आहे. सुटी, टिकाऊ, रास्त किमतीची तार मिळणे हा त्या हक्काचाच भाग मानला पाहिजे.

चौथी गोष्ट कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगी आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सामुदायिक खरेदीचा प्रयोग मध्यमवर्गीय घरांपर्यंत नेला आणि विक्रेत्याच्या शब्दापेक्षा ग्राहकांच्या संघटित अनुभवावर भिस्त ठेवता येते, हे दाखवून दिले. संगीताच्या आवडीने एकत्र येणाऱ्या तरुणांनी याच धर्तीवर डोळे झाकून ऐकण्याच्या परीक्षा घ्याव्यात. त्यासाठी एकाच जातीचे दोन मॉनिटर, दोन तारा, आवाजाची पातळी जुळवणारे साधे मापक, तारा लपवणारे एक फडके आणि निकाल टिपणारा एक निःपक्षपाती मित्र एवढी सामग्री पुरेशी आहे. प्रत्येकाने किमान वीस वेळा ऐकून उत्तर द्यावे, कारण चार-पाच उत्तरे नशिबानेही बरोबर येतात. निष्कर्ष, तो कोणताही असो, जाहीर करावा. एका शहरातील दहा तरुणांनी एवढे केले तरी पुढच्या शंभरांचे हप्ते वाचतील.

सुटा सांधा ज्या गरजेतून निघाला ती गरज आजही तशीच आहे. तार तुटते आणि ती स्वस्तात बदलून मिळावी लागते. ती मिळवून देणे हे ग्राहक चळवळीत काम करणाऱ्यांचे काम आहे. आणि वाचलेल्या पैशांतून एखाद्या गावच्या संगीतसभेचे तिकीट निघाले, तर समोर बसून गाणाऱ्या माणसालाही त्याचा हिस्सा मिळेल.